कोपर वर, कोपर वर!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शालेय सॉफ्टबॉलच्या सामन्यांच्या बातम्या आपण छापता, त्या मी कात्रीने कापून ठेवते. त्या बातम्यांत जे येत नाही, त्याविषयी हे पत्र.

बारा वर्षांची मुलगी बॅट घेऊन होम प्लेटशी, म्हणजे फटका मारायच्या जागी, उभी राहते. जाळीबाहेरून बाबा ओरडतात, "कोपर वर!" आई ओरडते, "बॉलकडे बघ!" डगआउटमधून, म्हणजे संघाच्या बाकांवरून, प्रशिक्षक, "गुडघे वाकव, खांदा आत!" तेवढ्यात पिच, म्हणजे टाकलेला चेंडू, येऊन जाते. मुलगी जागची हललेलीही नसते. तिसरी स्ट्राइक, म्हणजे आउट. मग तेच बाबा विचारतात, "अगं, मारलं का नाहीस?"

एकोणीस वर्षं मी स्वतः त्या ओरडणाऱ्यांत होते. निवृत्त क्रीडाशिक्षिका आहे, त्यामुळे माझा आवाज जाळीबाहेरच्या सगळ्यांच्या वर जायचा.

जरा हिशेब करून पाहा. या वयोगटात पिचर साधारण 40 फुटांवरून, म्हणजे 12 मीटरवरून टाकते. त्यातही झेप घेऊन पुढे येते, मग चेंडू सोडते. ताशी 80 किलोमीटरचा चेंडू सेकंदाला 22 मीटर कापतो. म्हणजे बॅटरच्या हातात अर्धा सेकंदसुद्धा नाही. त्यातला बराचसा वेळ बॅट फिरवण्यातच जातो. उरलेल्या क्षणात चेंडू कुठे येतोय, मारायचा की सोडायचा, हे ठरवायचं. त्यात कोपर, गुडघा आणि खांदा आठवत बसलं की झालंच.

बरं, आमच्या सूचना तरी बरोबर होत्या का? "कोपर वर" हे मी माझ्या प्रशिक्षकांकडून उचललं, त्यांनी त्यांच्या. एकदा एका मुलीची हिटिंग फोनवर बाजूने टिपली आणि संथ करून पाहिली. उंच धरलेलं मागचं कोपर स्विंग सुरू होताच खाली येऊन हातांच्या पुढे घुसत होतं आणि बॅट मागून फरफटत येत होती. जोराची पिच आली की उशीर, नाहीतर चेंडू सरळ आभाळात. पोरीचा त्यात काय दोष? मी सांगितलं तेच ती मन लावून करत होती. आता मी कोपराचं नावच काढत नाही. मागचा हात सैल सोडला की कोपर आपलं आपण जागेवर बसतं.

"बॉलकडे बघ" हेही तसंच. कुठे बघ? क्रिकेट पाहून आलेली मुलं चेंडू डोक्यावरून सुटेल म्हणून वर पाहत राहतात. इथे तो खालून, पिचरच्या कमरेपाशी सुटतो. "तिच्या कमरेजवळ बघ" एवढं सांगितलं तरी मुलं निम्मी सुधारतात. सरावात मी चेंडूंवर मोठे आकडे लिहिते. हळू टाकलेल्या चेंडूवरचा आकडा ओरडायचा आणि मगच मारायचं.

टीचं, म्हणजे सरावात चेंडू ज्यावर ठेवून मारतात त्या उभ्या दांड्याचं, तर सांगायलाही लाज वाटते. वर्षानुवर्षं मी ती मुलांच्या पोटासमोर ठेवत आले. मधोमध आलेला चेंडू पुढच्या पावलाच्या रेषेत गाठायचा असतो, अंगाजवळचा त्याहून पुढे, बाहेरचा थोडा मागे. टी वीतभर पुढे सरकवली आणि हात आखडून मारणारी मुलं कंबर फिरवून मारायला लागली. जोर तिथूनच येतो: आधी कंबर, मग हात. दंडाने मारणारं मूल दहा फटक्यांत दमतं.

पालकांना एक विनंती. बॅट वाढत्या अंगाची घेऊ नका. फ्रॉक चालतो, बॅट नाही. मुलाला ती एका हाताने समोर आडवी धरायला सांगा. थोड्याच वेळात मनगट थरथरायला लागलं तर बॅट जड आहे. जड बॅट हाती असलेल्या मुलाला कितीही शिकवा, ते आपलं तंत्र नाही, बॅटचं वजन सांभाळत असतं.

आणि आपल्यालाही एक, संपादक महोदय. निकालाखाली फक्त होमरन मारणारीचं नाव येतं. दुसऱ्या दिवशी सरावाला सगळ्या चेंडू ढगात मारायला बघतात. सातव्या डावात जमिनीलगत फटका मारून तिसऱ्या बेसवरच्या मैत्रिणीला होम प्लेटवर आणून धाव मिळवून देणारीचंही नाव कधी छापा. तिचं काम सोपं नसतं.

आता माझ्याकडे नियम एकच आहे: एका दिवसाला एक शब्द, तोही मुलगी प्लेटवर जाण्याआधी. ती उभी राहिली की सगळ्यांची तोंडं बंद, माझंही. पालकांना हे फार जड जातं. एका बाबांना तर मी पाण्याच्या बाटल्या सांभाळायला बसवते.

परवा ती गोठून जाणारी मुलगी हेल्मेट चढवत माझ्याकडे आली. "मॅडम, आजचा शब्द?" मी म्हटलं, "कंबर." पहिला फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेला, दुसराही. तिसऱ्यावर ती सपशेल चुकली आणि आउट झाली. पण तिन्ही वेळा बॅट पूर्ण फिरली होती. परत येताना म्हणाली, "तिसरा खाली पडत होता, मी जरा लवकर गेले ना?"

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका