इटलीत गाडी हातात घेण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तिशी ओलांडलेल्या माणसाला बाळ म्हटलं म्हणून सूनबाई हसेल, हसू दे. फ्लोरेन्सहून भाड्याची गाडी घेऊन तुम्ही दोघं तस्कनी फिरणार हे कळल्यापासून बाबांनी वेगमर्यादांचा कागदच केलाय: हायवेवर १३०, पाऊस असला तर ११०, गावात ५०. तो कागद ते पाठवतीलच. आम्ही तिथे गाडीने फिरलो तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसले होते, मला वेगळंच काहीबाही दिसलं.

पहिला अर्धा दिवस वळण आलं की बाबा वायपर लावायचे. बाहेर लख्ख ऊन आणि कोरड्या काचेवर करकर, करकर! आपल्या मारुतीत इंडिकेटरची दांडी उजव्या हाताला, तिथे डाव्या. रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवय तासाभरात होते रे. घात होतो तो सकाळी, हॉटेलबाहेर रस्ता रिकामा असताना. गाडी आपसूक डावी बाजू धरते. तेव्हा सूनबाईला 'उजवीकडे!' म्हणून ओरडायचं काम दे. मी ते चोख केलं होतं.

आपल्याकडे आपण समोरच्याचं बघून गाडी घालतो. तिथे नडलं ते हेच. एका जुन्या गावात दोन गाड्या वेशीतून आत गेल्या, त्यांच्यामागे आम्हीही. त्या गाड्या गावातल्या, परवानेवाल्या. कुणी शिट्टी मारली नाही, कुणी हात केला नाही. आम्ही आत आइस्क्रीम खाऊन आलो. सात-आठ महिन्यांनी पुण्याच्या पत्त्यावर दंडाचं पाकीट! त्याआधी, पोलिसांना आमचा पत्ता कळवल्याबद्दल म्हणून, भाड्याने गाडी देणाऱ्यांनी कार्डावरून वेगळे पैसे कापले होते ते निराळेच.

या भागांना तिथे 'झेड टी एल' म्हणतात, म्हणजे गाड्यांना मर्यादित प्रवेश. पांढरी पाटी, त्यावर लाल वर्तुळ, वर कॅमेरा. फ्लोरेन्स, पिसा, सिएना, रोम, सगळीकडे आहे. काही ठिकाणी दिव्यांची पाटी असते: 'वार्को आत्तिवो' दिसलं तर आत जायचं नाही, मधे 'नॉन' असेल तर जाता येतं. लोक उलटं समजतात. त्यांना वाटतं 'आत्तिवो' म्हणजे चालू, म्हणजे चला! चालू असतो तो कॅमेरा. हॉटेल अशा भागात असेल तर आधी फोन करून गाडीचा नंबर कळव, बहुतेक जण नोंदवून देतात. नाहीतर वेशीबाहेर गाडी लाव आणि चाला. पार्किंगला निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या म्हणजे बहुधा फुकट, पिवळ्या आपल्यासाठी नाहीत.

हायवेच्या पाट्या हिरव्या, बाकीच्या मोठ्या रस्त्यांच्या निळ्या. हायवेवर शिरताना मशीन तिकीट देतं, ते बाहेर पडेपर्यंत जपायचं. हरवलं तर सगळ्यात लांबच्या नाक्यावरून आलात असं धरून टोल घेतात. म्हणून मी ते पर्समध्ये चष्म्याच्या घरात ठेवायची. नाक्यावर पिवळ्या 'टेलिपास'च्या रांगेत घुसू नकोस, ती आपल्या फास्टॅगसारखी. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट लावायचे, आणि डावी लेन फक्त ओव्हरटेकला. एक्स्प्रेस वेवर डावी लेन धरून चालवणारे आपले काका तिथे पाच मिनिटंही टिकणार नाहीत.

इंटरनॅशनल परमिट इथल्या आरटीओतूनच काढून ने, मूळ लायसन्सही बरोबर हवं. वाइनचं मी काही बोलणार नाही. ज्या दिवशी चालवायचं त्या दिवशी घेऊ नकोस, एवढंच. गाडी ताब्यात घेताना धोक्याचा त्रिकोण आणि चमकतं जॅकेट डिकीत आहे का बघ. रात्री हायवेवर गाडी बंद पडली तर जॅकेट घालूनच खाली उतरायचं. अडचण आली तर ११२.

सूनबाईला आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. क. पेट्रोलला तिथे 'बेन्झिना' म्हणतात. 'गासोलिओ' म्हणजे डिझेल. बाबांच्या हातातला पाइप मी ऐन वेळी धरला होता, पण ते आता मान्य करत नाहीत.