लोखंडाला लाकूड ठोकायचं, त्यात काय एवढं?

अरे शहाण्या,

तुझा मेसेज वाचला. "दर शनिवारी जुन्या मालडब्यात जाऊन फळ्या ठोकतोस म्हणे, लोखंडाला लाकूड ठोकायचं त्यात काय एवढं?" हे वाक्य दोनदा वाचलं आणि ठरवलं की फोन करायचा नाही, फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, सरळ पत्र लिहायचं. आता बस वाचत. गेल्या वर्षी मी पण अगदी हेच म्हणालो होतो आणि त्यापायी आख्खी एक भिंत उचकटून पुन्हा करावी लागली, ते पुढे सांगतोच.

आधी डबा कसला ते सांगतो. अमेरिकन मालगाडीचा बंद डबा, बॉक्सकार म्हणतात त्याला, चाळीस फुटी, म्हणजे आतून साधारण १२ मीटर लांब आणि ३ मीटर उंच. सुरुवातीच्या काळात हे डबे सगळे लाकडाचेच असायचे, मग हळूहळू सांगाडा लोखंडाचा झाला, मग पत्रा आला, पेनसिल्व्हेनिया रेलरोडने १९२४ पासून एक्स-२९ नावाचे लोखंडी डबे हजारोंनी बांधले, १९३७ साली असोसिएशन ऑफ अमेरिकन रेलरोड्सचं स्टँडर्ड डिझाइन आलं आणि १९४७ पासून पुलमन-स्टँडर्ड या डबे बांधणाऱ्या कंपनीने पीएस-१ नावाचे डबे काढले. बाहेरून बघशील तर सगळं लोखंड. पण आत शिरलास की फळ्याच फळ्या. मला पहिल्यांदा वाटलं हे जुनी सवय सुटत नाही म्हणून केलं असणार. पण तसं नाहीये, लाकडाशिवाय तो डबा कामाचाच नाही.

कारण बघ, एकतर पत्रा रात्री गार पडतो, आतला माल दमट असला की पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरतं आणि थेंब ओघळायला लागतात, धान्याचं पोतं किंवा कागदाचा रोल त्याला टेकला की गेला कामातून. दुसरं म्हणजे माल हलू नये म्हणून माल भरणारी माणसं ठोकळे आणि पट्ट्या सरळ भिंतीत नि जमिनीत खिळ्यांनी ठोकायची, पत्र्यात तू काय ठोकणार, कपाळ? (जमिनीसाठी मात्र पुढे एक भारी युक्ती निघाली, लोखंडाचीच जमीन पण पट्ट्यांमध्ये अरुंद वाकडी फट ठेवलेली, खिळा ठोकला की तो त्या फटीत वाकतो आणि तिथेच आवळून बसतो. काय डोकं लावलंय.) आणि तिसरं, भिंत सपाट नसतेच रे, पन्हळी असते. खासकरून दोन्ही टोकांच्या भिंती.

त्या पन्हळी का असतात हे समजलं की पुढचं सगळं समजतं. यार्डात डबे एकमेकांवर सोडतात तेव्हा धाडकन धक्का बसतो, आतला माल सरकत जाऊन टोकाच्या भिंतीवर आदळतो. सपाट पत्रा असता तर दोन-चार फेऱ्यांत बाहेर पोट आलं असतं. त्याच पत्र्याला पन्हळी पाडल्या की वजन फारसं न वाढता ताठपणा कुठच्या कुठे जातो, पन्हळीची खोली दुप्पट केली तर ताठपणा साधारण चौपट. पण फक्त एका दिशेने! पन्हळीच्या लांबीत तो पत्रा तुळईसारखा ताठ आणि आडव्या दिशेने पेटीच्या भात्यासारखा, दाबला की दबतो, ओढला की उलगडतो. हा भाता लक्षात ठेव.

आमच्या डब्याच्या टोकाच्या भिंतींना आडव्या पन्हळी आहेत, एका कोपऱ्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत. हा जुना डबा दुरुस्त करणारी आम्ही मंडळी हौशी, सगळे शनिवार-रविवारवाले. आतल्या फळ्यांचं जुनं अस्तर कुजलेलं होतं ते काढलं, मागे काय काय निघालं विचारू नकोस, तीन पिढ्यांचे तीन जातीचे खिळे, आणि अगदी तळाशी काळा पडलेला गहू, मूठभर नाही, चांगला बादलीभर. म्हणजे हा डबा धान्याला लागत होता. त्या काळी गहू असाच सुट्टा भरायचे, दाराला आतून फळ्या ठोकून, आणि अस्तराच्या फटींतून दाणे मागे जाऊन साठायचे, मग तिथे किडे, उंदीर, आणि पुढच्या खेपेचा चांगला माल पण खराब. १९६० नंतर धान्यासाठी झाकणाचे, खालून रिकामे होणारे हॉपर डबे वाढत गेले, तिथल्याच सदर्न रेल्वेचे 'बिग जॉन' त्यातले गाजलेले, तेव्हा कुठे बॉक्सकारमागचं हे झेंगट सुटलं. सांगायचा मुद्दा, अस्तरामागची पोकळी हवी पण आहे आणि नको पण आहे. हवा खेळली नाही तर लाकूड कुजतं, पत्रा गंजतो, आणि जागा ठेवली तर त्यात काहीतरी जाऊन बसतंच. आम्ही शेवटी तळाशी फट उघडी सोडली, जे मागे पडेल ते खाली येऊ दे.

आता आमचा पराक्रम. आम्ही काय केलं, नव्या फळ्या आणल्या, १३० मिलिमीटर रुंद, टंग अँड ग्रूव्हवाल्या, म्हणजे एका कडेला जीभ आणि दुसरीला खाच, एकमेकींत अडकणाऱ्या, आणि सरळ पन्हळीच्या उंचवट्यांवर आडव्या लावायला घेतल्या. तिसऱ्याच फळीला लक्षात आलं की आडव्या पन्हळीवर आडवी फळी म्हणजे मूर्खपणा आहे, एक फळी उंचवट्यावर बसते आणि पुढची नेमकी खोलगट भागावर येते, तिच्या मागे काहीच नाही, नुसती हवा. पन्हळीचं माप वेगळं, फळीचं माप वेगळं, ते जुळणार कसे? तरी आम्ही हट्टाने खोलगट भागात लाकडाचे तुकडे भरले आणि पुढे गेलो. पत्र्याला आतून सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, म्हणजे स्वतःच भोक पाडत जाणारे, प्रत्येक फळीला वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक, एकदम घट्ट, फळीला फळी हातोडीने ठोकून भिडवलेली. दिसायला इतकं सुंदर की आम्ही फोटोबिटो काढले.

हे सगळं थंडीत. शेड हीटरने तापवलेली, हवा कोरडी ठाक, फळ्यांमधली ओल तेव्हा ८ टक्क्यांच्या आसपास होती. मग डबा बाहेर काढला, पावसाळी हवा सुरू झाली, आणि लाकूड पाणी प्यायला लागलं, १४ टक्क्यांपर्यंत गेलं. तू म्हणशील सहा टक्क्यांनी काय होतंय. हिशोब कर. पाइन-फरसारखं लाकूड ओल एक टक्का वाढली की रुंदीत साधारण पाव टक्का फुगतं, म्हणजे १३० मिलिमीटरच्या फळीमागे जवळजवळ २ मिलिमीटर. किरकोळ वाटतं ना? पण ३ मीटर उंचीत अशा २३ फळ्या एकावर एक बसतात, एकूण झाले ४५ मिलिमीटर! वर छत, खाली जमीन, जागा कुठेच नाही. एका शनिवारी जाऊन बघतो तर भिंत पोट काढून उभी, आतल्या बाजूला, मधले स्क्रू पत्र्यातून उपटून आलेले आणि चार फळ्या स्क्रूच्या रेषेत लांबीने चिरलेल्या. पत्रा मात्र जागचा हलला नव्हता, तो कशाला हलतोय.

स्क्रू उपटून का आले ते नंतर बसून बघितलं तर कारण एकदम साधं. पत्रा जेमतेम अडीच-तीन मिलिमीटरचा, त्यात स्क्रूचे आटे किती धरणार, एक नाहीतर दोन. त्यावर डब्याची थरथर. लाकडात स्क्रूला पूर्ण लांबीभर पकड मिळते, पत्र्यात तो नुसता नखावर लटकलेला असतो. वर प्रत्येक स्क्रूचं टोक बाहेर आलेलं, तिथून पाणी, तिथून गंज, आणि आत त्या गार लोखंडाच्या डोक्यावर दव. आरपार बोल्ट टाकले असते तर पकड चांगली मिळाली असती हे खरं, पण भोकं पडतातच, आणि लाकूड सुकलं की नट ढिला होतो, फळी आकसली तर बोल्ट बिचारा काय करणार, तो कितीही आवळलेला असो. स्प्रिंग वॉशरवर माझा तरी भरवसा नाही, काही महिन्यांनी पाना घेऊन पुन्हा फिरावंच लागतं.

आमच्यात एक म्हातारे सुतार आहेत, ते दोन महिने सुट्टीवर होते आणि नेमकं तेव्हाच आम्ही हे सगळं केलं. परत आल्यावर त्यांनी भिंत बघितली, हसले नाहीत हे विशेष, फक्त विचारलं की जुन्या अस्तराला मागे उभ्या पट्ट्या होत्या त्या कुठे गेल्या? च्यायला. त्या आम्ही कुजक्या म्हणून पहिल्याच दिवशी फेकल्या होत्या. सगळी गोम त्या पट्ट्यांत होती. पन्हळी आडव्या तर पट्ट्या उभ्या, म्हणजे प्रत्येक पट्टी सगळ्या उंचवट्यांवर टेकते, आणि फळ्या त्या पट्ट्यांवर आडव्या, मग पन्हळीचं माप काय आणि फळीचं काय, काही जुळवायचं कामच नाही. फळीचा खिळा लाकडातच जातो, लोखंडाशी संबंध फक्त पट्टीचा, आणि तोही मोजक्या ठिकाणी.

त्या मोजक्या ठिकाणांवर मात्र आम्ही तीन रविवार भांडलो. एकाचं म्हणणं पट्टीतून आरपार बोल्ट टाका, जुन्या लोकांनी तेच केलं होतं. ते खरंच आहे, पण त्यांच्या बोल्टची डोकी गंजून अशी बसली होती की आम्हाला ग्राइंडरने कापावी लागली, आणि प्रत्येकाभोवती पत्रा चाळणी झालेला. शेवटी ठरलं की उंचवट्यांवर आतून छोटे लोखंडी कान वेल्ड करायचे, पट्टी दोन कानांच्या मध्ये बसवायची आणि बोल्ट आडवा घालायचा, कानातून पट्टीतून कानात. पत्र्याला एकही भोक नाही. कानातलं भोक उभं लांबट ठेवलं, कारण तो भाता आठवतोय ना, माल आदळला की पत्रा पन्हळींच्या आडव्या दिशेने हलतो पण लाकडी पट्टी लांबीत हलत नाही, दोघांना बांधून टाकलं तर कोणीतरी तुटणार. वेल्डिंगने बाहेरचा रंग जागोजागी जळला तो परत लावला, ठीक आहे. जास्त भीती आगीची होती, लाकडी जमीन, फटींत कित्येक वर्षांचा भुसा. खालच्या फळ्या काढल्या, पाण्याची बादली घेऊन एक जण उभा, आणि काम संपल्यावर पण दोन तास कोणी घरी जायचं नाही असा नियम केला. एकदा खरंच धूर निघाला, काम संपून पाऊण तास झाल्यावर!

पट्टीच्या मागच्या अंगाला जाड प्रायमर लावला आणि उंचवट्यावर टेकते तिथे रबराचा तुकडा ठेवला, ओलं लाकूड लोखंडाला चिकटून राहिलं की दोघंही एकमेकांना खातात. ओक असेल तर अजून वाईट, त्यातल्या आम्लाने लोखंडाभोवती काळा डाग पडतो. आणि तांब्याच्या औषधात मुरवलेलं लाकूड वापरू नकोस कधी लोखंडाला लागून, त्यात गंज अजून लवकर धरतो, कुजू नये म्हणून घ्यायचं आणि खिळेच खाऊन टाकायचे.

फळ्यांचं पण शिकलो. आता प्रत्येक फळीला दर पट्टीवर दोनच खिळे, दोन्ही कडांना नाही तर मध्याजवळ, एकमेकांपासून ४० मिलिमीटरवर आणि किंचित वरखाली, म्हणजे एकाच रेषेत चीर जात नाही. कडा टंग अँड ग्रूव्ह धरून ठेवते, फळी मध्यापासून वर-खाली मोकळी फुगते. दोन फळ्यांत दोन मिलिमीटरची फट, पत्र्याची पट्टी मध्ये घालून मोजलेली. खिळे साधे नाहीत, अंगावर कडी-कडी असलेले, कारण माल आदळतो तेव्हा फळी आत दबते ते सोपं असतं, ती परत उसळते तेव्हा खिळा बाहेर ओढला जातो आणि गुळगुळीत खिळा हळूहळू वर येतो. वर आलेलं एक डोकं कागदाचा आख्खा रोल फाडू शकतं, म्हणून प्रत्येक डोकं पंचने आत बसवायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि ते माझ्याकडे आलं, भिंत मीच बिघडवली होती म्हणून.

तर एक टोक झालंय. एक पावसाळी हवा काढली त्याने, परवा फट मोजली तर दोनची पाऊण झालीये, भिंत सरळ उभी. दुसऱ्या टोकाला अजून कान पण वेल्ड केलेले नाहीत, आणि तिकडे एक खालची पन्हळ कधीतरी मार खाऊन आत चेपलेली आहे, तिथे पट्टी टेकत नाही, दोन बोटं अंतर राहतं. म्हातारे म्हणतात पाचर घाल, मी म्हणतो कानच लांब कर. पाचर थरथरून निसटेल असं मला वाटतं पण त्यांच्यासमोर बोलायची आता हिंमत नाही. तू एवढी वर्षं मशीनच्या फाउंडेशनची कामं केलीस, तिथे पाचर निसटू नये म्हणून काय करता ते लिही. शनिवारच्या आत लिही.

तुझाच,
फळ्या ठोकणारा