टाइलच्या मागे काय आहे?

संपादक महोदय, स. न. वि. वि.

घर ऊबदार ठेवायला लाकूड जाळतात त्या शेगडीभोवती कोणत्या टाइल शोभतील, यावर आपल्या पुरवणीत लेख आला होता. रंग, नक्षी, मांडणी सगळं होतं. टाइलच्या मागे काय असावं, यावर मात्र एक ओळही नव्हती. २६ वर्षं मी लाद्या-टाइल बसवतोय, म्हणून राहवलं नाही.

उमेदवारीच्या काळात मी एका शेगडीमागे सरळ प्लायवूडवर पोर्सेलिन टाइल चिकटवल्या होत्या. तीन हिवाळ्यांनी एक टाइल सैल झाली म्हणून बोलावणं आलं. वरून तिला साधा चराही नव्हता. छिन्नी घालून सोडवली आणि जळकट वास आला. मागचा प्लाय काळा पडला होता. अंगठ्याने दाबला तर भुगा झाला. ज्वाळ तिथवर कधी पोचलीच नव्हती. त्या घरात लहान मुलं होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

पोर्सेलिन भट्टीत १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेलं असतं, शेगडीच्या धगीने त्याला काही होत नाही. पण टाइल उष्णता अडवत नाही, मागे पोचवते. लाकूड एरवी २५०-३०० अंशांच्या आसपास पेटतं. मात्र वर्षानुवर्षं त्याहून बरंच कमी शेकत राहिलं तरी हळूहळू कोळशासारखं होतं, आणि मग पेटायला तेवढी उष्णता लागत नाही. टाइलमागे जिप्सम बोर्डही (पीओपीसारखा जिप्समचा पत्रा) नको. त्याच्या अंगावर कागद असतो, शिवाय सतत तापून तो भुसभुशीत होतो.

टाइलखाली सिमेंट बोर्ड हवा, आणि तोही भिंतीपासून १ इंच सोडून, न जळणाऱ्या स्पेसरवर (मध्ये फट राखणाऱ्या तुकड्यांवर). खालून गार हवा शिरते, तापून वरून निघते, भिंत थंड राहते. पुष्कळ जण खालची फट वाईट दिसते म्हणून स्कर्टिंग लावून बुजवतात. कृपा करून तसं करू नका, सगळी मेहनत वाया जाते. भिंतीपासूनचं अंतर शेगडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळावं. नुसती टाइल लावल्याने ते कमी होत नाही.

चिकटवायला सिमेंटचं अॅडेसिव्ह घ्यावं. डब्यात तयार मिळणारं मॅस्टिक उष्णतेने मऊ पडतं. सांध्यांतही इपॉक्सी नको, सिमेंटचं ग्राउट बरं. क्वार्ट्झ म्हणून विकला जाणारा कृत्रिम दगड रेझिनने, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या चिकट द्रव्याने, बांधलेला असतो, तो इथे वापरू नये.

ज्यांच्याकडे टाइल आधीच थेट भिंतीवर चिकटवलेल्या आहेत, त्यांनी शेगडी विझून गार झाल्यावर मिस्त्रीकडून शेगडीमागची एक टाइल काढून आत बघून घ्यावं. मागे लाकूड किंवा प्लाय निघाला, तर दुरुस्ती होईपर्यंत शेगडी पेटवू नये. आणि आपण पुढच्या पुरवणीत भिंत, पोकळी, बोर्ड आणि टाइल दाखवणारी एक छोटी आकृती छापावी, ही विनंती.

— एक फरशी कारागीर