मास्तर, आधी कागद काढायला लावलेत म्हणून

ती. मास्तर,
सा. न.

दादाच्या बदलापूरच्या फ्लॅटची पूजा झाली. गुडघ्यांमुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून आभार इथेच, चारचौघांत मानते. लालबाग-परळच्या बऱ्याच चाळींत आमच्यासारखाच वाद अजून रोज रात्री जेवताना होतो, त्यांनीही हे वाचावं.

खोली विकून जायचं की इथेच राहायचं? दादाचं म्हणणं खोटं नव्हतं. दहा बाय बाराची खोली, संडास गॅलरीच्या टोकाला, गॅलरीला टेकू, आणि पावसाळा आला की अतिधोकादायक इमारतींच्या म्हाडाच्या यादीत आपलं नाव आहे का ते बघायचं. आईचंही खोटं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबांचा पगार थांबला आणि तिच्या खाणावळीवर घर चाललं. आज तिचे गुडघे, साखर, सगळं केईएम हॉस्पिटलच्या भरवशावर आहे. मी आईच्या बाजूने भांडायचे, तेही जरा जास्तच मोठ्याने.

तुम्ही आलात आणि कोणाची बाजू न घेता म्हणालात, "आधी कागद काढा."

पेटीतून भाडेपावत्या निघाल्या, त्या अजून आजोबांच्याच नावावर! एजंटने सांगितलेला आकडा दादाने झोकात लिहिला. त्याखाली तुम्ही त्याला वजाबाकी करायला लावलीत: पागडीची खोली (एकरकमी पागडी देऊन घेतलेली भाड्याची), म्हणजे रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा मालकाचा, मग दलाली, मग बदलापूरच्या घराचं रजिस्ट्रेशन. उरलेल्या रकमेकडे दादा बराच वेळ बघत बसला. पागडीला १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मान्यता दिली आहे, त्यामुळे हा व्यवहार पावतीवर, उजळ माथ्याने करता येतो, हेही तेव्हाच कळलं. एजंट तर सगळं रोखीत म्हणत होता.

मग माझी पाळी. आपली इमारत १ सप्टेंबर १९४० च्या आधीची, उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी), ‘अ’ वर्गातली. विकास नियमावलीच्या ३३(७) नियमाखाली पुनर्विकास झाला तर भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मोफत. हे मी पाठच केलं होतं. तुम्ही विचारलंत, काम रखडलं तर बाहेरच्या जागेचं भाडं कोण देणार? टॉवरच्या लिफ्टचा, पंपाचा, वॉचमनचा खर्च दरमहा आईच्या खाणावळीतून निघेल का? कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरने द्यायचा निधी, किती, आणि तो कोणाच्या नावावर? मला तुमचा चक्क राग आला होता.

गिरणी कामगारांना सोडतीत मिळणाऱ्या घरासाठी बाबांनी केलेल्या अर्जाचं तर आम्ही विसरूनच गेलो होतो. १ जानेवारी १९८२ ला बाबा गिरणीच्या पटावर होते हे दाखवायला काहीच नाही, असं आई धरून बसलेली. तुम्ही ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड शोधायला लावलंत, आणि ते सापडलं देवांच्या फोटोमागे. सोडतीत नंबर अजून लागलेला नाही, पण अर्ज पात्र ठरला.

शेवटी दादाने खोलीला हात न लावता स्वतःच्या कर्जावर घर घेतलं. त्याची मुलं आता वेगळ्या खोलीत अभ्यास करतात, आणि तो लोकलच्या गर्दीला शिव्या घालतो. खोली आईच्या नावावर झाली, पावतीसकट. तो गेला म्हणून चाळीत कोणी टोमणा मारला, तर तुम्ही त्याला गप्प केलंत हे मला ठाऊक आहे. दादालाही ठाऊक आहे, तो बोलणार नाही एवढंच.

आता पुनर्विकासाच्या कराराचा बिल्डरचा नवा मसुदा आलाय. भाड्याच्या कलमात मुदतीपुढे "अंदाजे" हा शब्द तसाच ठेवलाय, आणि कॉर्पसचं पान आमच्या प्रतीत नाहीच. झेरॉक्स काढून ठेवल्यात. रविवारी तुम्ही जिना चढू नका, आम्हीच सगळे खाली तुमच्याकडे येतो. चहा आई पाठवेल, बिनसाखरेचा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची