लांबीच्या आधी लेन्सचा उजेड पाहावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हौशी नाट्यस्पर्धा आणि बंदिस्त सभागृहातील कबड्डी यांची छायाचित्रे वाचकांनी पाठवावीत, असे आवाहन आपण जिल्हा पुरवणीत केल्यापासून आमच्याकडील तीन-चार तरुणांनी ‘मोठी लेन्स’ घेण्याचे मनावर घेतले आहे. गेली अठरा वर्षे मी हौसेने नाटकांची छायाचित्रे काढतो, एवढ्याच अधिकारावर ते माझा सल्ला विचारायला आले. सर्वांचा पहिला प्रश्न एकच होता : ही लेन्स किती लांबचे ओढते? दुकानातही माल याच प्रश्नावर खपतो. माझे म्हणणे असे की, सभागृहात काम करणाऱ्याने मिलिमीटरचा मोठा आकडा क्षणभर बाजूला ठेवून लेन्सच्या तोंडाशी कोरलेला दुसरा, लहान आकडा आधी वाचावा.

कॅमेऱ्याबरोबर जोडीला मिळणाऱ्या ५५-२५० किंवा ७०-३०० या झूम लेन्सवर बहुधा ४-५.६ असे लिहिलेले असते; म्हणजे झूम पूर्ण ताणल्यावर ॲपर्चर, अर्थात प्रकाश आत येण्याची वाट, एफ/५.६ पेक्षा अधिक उघडत नाही; हा आकडा जितका लहान, तितकी वाट मोठी. याउलट ७०-२०० एफ/२.८ ही लेन्स २०० वरही २.८ इतकीच उघडी राहते आणि ५.६ च्या चौपट प्रकाश आत घेते. चौपट हा शब्द ऐकायला सोपा आहे, परंतु त्याचा अर्थ मॅटच्या कडेला बसल्यावर कळतो. ज्या दिव्यांत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ठेवून २.८ ला १/५०० सेकंदाचा शटर (तो उघडा राहण्याचा वेळ) मिळतो, तिथे ५.६ ला तो १/१२५ वर येतो, आणि मग चढाईपटूचा चेहरा कसाबसा टिकला तरी त्याचे हातपाय विरघळून जातात. शटर टिकवायचा तर आयएसओ १२८०० वर न्यावा लागतो आणि चित्रात दाणे भरतात. नाटकात तर फ्लॅशचा विचारही करू नये. नटाच्या डोळ्यांत भर स्वगतात उजेड मारणाऱ्याला सभागृहाबाहेर काढणारे व्यवस्थापक मला आदरणीय वाटतात.

ही लेन्स जड आणि महाग का असते, याचे कारण साध्या भागाकारात आहे. २०० ला २.८ ने भागले की सुमारे ७१ मिलिमीटर येतात. निदान तेवढ्या व्यासाची वाट प्रकाशाला मोकळी हवी, म्हणून पुढची काच मोठी, फिल्टर बहुधा ७७ मिलिमीटरचा आणि वजन सव्वा ते दीड किलो. मूळ कॅमेरा कंपन्यांच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांसाठीच्या नव्या लेन्स वजनाने उतरल्या आहेत, पण त्यांची किंमत दोन लाखांच्या वर जाते आणि हौशी माणसाने तिथेच थांबलेले बरे.

परवडणारा मार्ग मागच्या पिढीतून जातो. व्यावसायिक छायाचित्रकार मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांच्या जुन्या डीएसएलआर (आरशाच्या कॅमेऱ्यांच्या) लेन्स मोठ्या संख्येने बाजारात आल्या आहेत. कॅननची १९९५ सालची स्थिरीकरण नसलेली ७०-२०० एफ/२.८ मला यांत सर्वांत दुर्लक्षित सौदा वाटते. स्थिरीकरणाने आपला हात हलल्याचा दोष झाकला जातो. समोरचा खेळाडू झेपावला तर ती यंत्रणा काही करू शकत नाही. कबड्डीसाठी शटर १/८०० च्या आसपास ठेवणाऱ्याने तिचे जादा पैसे का मोजावेत? नाटकवाल्याचे गणित मात्र वेगळे आहे. मंद निळ्या प्रकाशात नट स्तब्ध उभा असताना स्थिरीकरण खरोखर उपयोगी पडते, म्हणून त्याने टॅमरॉनची २०१२ ची स्थिरीकरण असलेली ७०-२०० एफ/२.८ किंवा, जमल्यास, तिची २०१७ ची दुसरी आवृत्ती शोधावी. सोनीवाल्यांना टॅमरॉनचीच २०२० सालची ७०-१८० एफ/२.८ आहे, वजन अवघे ८१० ग्रॅम, मात्र लेन्समध्ये स्थिरीकरण नाही, ते बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच, असावे लागते. ज्यांचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (चित्र टिपणारा लहान भाग असलेला) आहे त्यांनी आणखी एक पाहावे : त्यावर ७०-२०० ही साधारण १०५-३०० सारखी दिसते आणि छोट्या नाट्यगृहात तिसऱ्या रांगेतून दोन पात्रे एका चौकटीत बसत नाहीत. सिग्माची जुनी ५०-१५० एफ/२.८ अशा कॅमेऱ्यांसाठीच बनवली होती.

निकॉनच्या बाबतीत थोडे थांबून सांगावे लागेल, कारण आमच्यातला एक तरुण तिथेच फसता फसता वाचला. निकॉनची जुनी ८०-२०० एफ/२.८ डी ही उत्तम आणि स्वस्त लेन्स आहे, परंतु तिच्यात फोकसची मोटार नसते. ती बॉडीतील मोटारीवर चालते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतील बॉडींत ती मोटार नाही, आणि झेड या मिररलेस मालिकेवर जुन्या लेन्स बसवणाऱ्या एफटीझेड ॲडॅप्टरमध्येही नाही. तिथे ही लेन्स हातानेच फोकस करावी लागते. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स मात्र ॲडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या आर या मिररलेस मालिकेवर व्यवस्थित फोकस करतात.

जुनी लेन्स घेताना ती हाताळूनच घ्यावी. मुंबईत फोर्ट भागातील बोरा बाजारात त्यासाठी एक फेरी मारण्यासारखी आहे. माझी पहिली लेन्स मी एका दुकानातून केवळ बाहेरून चकचकीत दिसली म्हणून उचलली; घरी टॉर्च लावल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली आणि दुकानदाराने हात वर केले. तेव्हापासून मी खिशात टॉर्च ठेवतो आणि मागून पुढून दोन्ही बाजूंनी आत पाहतो. ॲपर्चरची पाती तेलकट नसावीत, झूमची कडी मध्येच अडकू नये. शेवटी आपली बॉडी लावून, ॲपर्चर २.८ वरच ठेवून भिंतीवरील कॅलेंडर टिपावे आणि चारही कोपरे मोठे करून पाहावेत. एकच कोपरा सतत मऊ (अस्पष्ट) येत असेल तर लेन्स कधीतरी पडलेली असण्याची शक्यता धरावी. बिलावरील आणि लेन्सवरील क्रमांक जुळतो का, हेही पाहावे. कोकणातल्या पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स टिकत नाही. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि शक्यतो आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र यांचा खर्च लेन्सच्या किमतीतच धरावा.

एवढे करूनही मन ठरत नसेल तर स्पर्धेच्या एका दिवसापुरती ही लेन्स भाड्याने घ्यावी. मी आणलेली लेन्स त्या तरुणांपैकी एकाने मागच्या आठवड्यात एका दोन अंकी नाटकाला वापरून पाहिली. दुसऱ्या अंकाच्या मध्यावर त्याने ती माझ्या हातात परत दिली, खांदा चोळला आणि ८५ मिलिमीटर एफ/१.८ या झूम नसलेल्या, हलक्या लेन्सची चौकशी केली. त्याच्या गरजेला तीच योग्य आहे, असे माझेही मत झाले.

आपला नम्र,
एक वाचक, चिपळूण