तिकडच्या थंडीत झाड जगतं कसं

एडिसन, न्यू जर्सी
११ नोव्हेंबर

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत, "तिकडं एवढ्या थंडीत झाडं जगतात कशी?" मी तीनही वेळा ओरडून सांगितलं आणि शेवटी तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं बरं" मी ओळखते. नीट ऐकू आलं नाही की तुम्ही तसं म्हणता. म्हणून हे पत्र. आई, अक्षर मोठं काढलंय, तरी बाबांचा चष्मा आधी पुसून दे.

आज पहाटे इथे कडक, गोठलेलं दंव पडलं. मोसमातलं पहिलंवहिलं ऑक्टोबरच्या अखेरीस येऊन गेलं होतं. ते गवतावर पिठी भुरभुरल्यासारखं होतं, ऊन आलं आणि गेलं. आजचं खरं. उणे चार अंश. इथलं हवामान खातं पारा साधारण उणे दोनच्या खाली गेला की त्याला कडक म्हणतं. आपली आजी याला दहिवर म्हणायची ना? मी साडेसहाला कोट चढवून मागच्या दारी गेले तर हिरवळ पांढरी, कुंपणाची तार पांढरी, आणि पायाखाली पातं न् पातं कुरकुर मोडत होतं. पटकन मागे झाले. गोठलेलं गवत तुडवलं की पाऊल पडलं तिथे पुढे तपकिरी डाग दिसतात.

वाफ्यात काय झालं ते सांगते, तुम्हाला नवल वाटेल. दिवाळीत ज्याचे हार केले तो दांडगा झेंडू पार काळा. डेलिया काळा. अळू तर उकडलेल्या पाल्यासारखं जमिनीवर लोळत होतं. (आई, शेवटच्या वड्या ऑक्टोबरातच करून घेतल्या होत्या. गड्डे आज खणून कोरड्या मातीत, तळघरात ठेवले.) आणि जी पोरीच्या जावळासारखी नाजूक, ती कोथिंबीर? नऊ वाजता ऊन आलं तशी मान वर करून उभी. पालक, मेथी, लसणाचे कोंब, सगळे जागेवर. दांडगं मेलं आणि नाजूक राहिलं. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात हे पाहिलं तेव्हा मला काही कळेना. आता थोडं कळलंय, ते तुम्हाला सांगायचंय, कारण मला वाटतं ते पुरंदरच्या माणसाला चटकन समजेल.

मला आधी वाटायचं, पानातलं पाणी गोठतं, फुगतं आणि बाटली तडकते तशा पेशी फुटतात. बहुतेक वेळा तसं होत नाही. पेशी म्हणजे पाण्याने भरलेल्या इवल्या इवल्या पखाली समजा. पाणी पहिल्यांदा गोठतं ते पखालींच्या बाहेर, दोन पेशींमधल्या फटींत, कारण तिथलं पाणी जवळपास निव्वळ असतं. आतल्या रसात साखर आणि क्षार विरघळलेले, त्याला गोठायला जास्त थंडी लागते. बाहेर एकदा बर्फाचा कण धरला की तो आतलं पाणी ओढू लागतो. पखाल रिती होत जाते, आक्रसते, सुरकुतते. थंडी जितकी वाढेल तितकं पाणी बाहेर. ज्याच्या पेशीला हे आक्रसणं सोसत नाही तिचं आवरण फाटतं, आणि ऊन आल्यावर सगळं पाणी गळून पान काळं पडतं.

म्हणजे बाबा, गारठ्याने मेलेलं झाड एका अर्थी तहानेने मेलेलं असतं. सगळीकडे पाणी असतं, पण बर्फ झालेलं, त्याच्या काही उपयोगाचं नाही. हे वाचलं त्या दिवशी मला आपल्या बागेची फार आठवण झाली. बहार धरायच्या आधी तुम्ही पाणी तोडायचात. अंजिराची पानं पिवळी पडून गळायची, आई हळहळायची आणि तुम्ही म्हणायचात, "ताण बसू दे, झाड झोपलं पाहिजे." इथे तो ताण थंडी देते. दिवे घाटातली झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर खराटा होतात आणि इथली ऑक्टोबरात, पण कारण बरंचसं एकच. पाणी मिळायचं नसेल तर पानं बाळगून काय करायचं? देठाशी एक पडदा धरतो, पान सुटून पडतं, जखम आधीच बुजलेली असते. आमच्या रस्त्यावर एक गिंको आहे, पंख्यासारख्या पानांचा. कडक दंवाची एक पहाट झाली की तो त्या एका दिवसात सगळी पानं टाकतो. आज सकाळी वारा अजिबात नव्हता आणि तरी टपटप, टपटप, सरळ खाली. तुमच्या नातीला शाळेत सोडायला निघाले होते, दोघी पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो. उशीर झाला, होऊ दे म्हटलं.

पण खरी मेख तयारीत आहे. तेच झाड जुलैत उणे चारला मरेल आणि जानेवारीत उणे पंधराला जगेल. दिवस आखडायला लागले की त्याला कळतं. ते वाढ थांबवतं, शेंड्याचा डोळा मिटून घेतं. मग हळूहळू गार रात्री येतात, शून्याच्या थोडं वर, थोडं खाली, आणि दर रात्री ते जास्त काटक होतं. पेशींत साखर साठवतं. पेशीच्या आवरणात जे स्निग्ध असतं तेसुद्धा बदलतं. आई, थंडीत खोबरेल थिजतं आणि करडईचं तेल वाहतं राहतं ना? झाड तसंच करतं, थिजणारं काढून वाहणारं भरतं, म्हणजे आवरण कडक होऊन चिरत नाही. पालक आणि गाजर दंव खाल्ल्यावर गोड लागतात ते या साठवलेल्या साखरेमुळेच. इथला नोव्हेंबरातला पालक तुम्हाला एकदा खाऊ घालायचाय मला. डाळ न घालता नुसता परतला तरी चव लागते.

झेंडूला, अळवाला, तुळशीला ही विद्याच नाही. ती ऊबेतली माणसं. त्यांना कितीही हळूहळू सवय लावा, बर्फ धरला की संपलं. तुळशीला तर गोठायचीही गरज नाही, दहा अंशांच्या खाली रात्री जायला लागल्या की ती कोमेजते. म्हणून वृंदावनातली कुंडी दसऱ्यालाच घरात येते. लग्न स्वयंपाकघराच्या खिडकीतच लावलं, उसाचा मांडव नाही, बाजारातून आणलेला एकच ऊस टेकवला. मंजिऱ्या काढून पुडीत ठेवल्यात, न जाणो ती फेब्रुवारीपर्यंत टिकली नाही तर. कढीपत्ताही आत आहे आणि रुसून पानं टाकतोय.

बाबा, तुमच्या गुलाबाचं मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. इथे घर घेतल्यावर पहिली झाडं लावली ती गुलाबाची, तीन. ऑक्टोबर आला आणि तुम्ही करता तशी छाटणी केली, तिरका काप, बाहेरच्या डोळ्यावर, वर शेणखत. काय सुंदर फुटवे आले! तांबूस, लुसलुशीत. दोन आठवड्यांनी कडक दंव पडलं आणि एकेक फुटवा जळाल्यासारखा झाला. दोन झाडं त्या हिवाळ्यात गेली. छाटणीने आणि खताने मी त्यांना उठवलं, तेही नेमकं झोपायच्या वेळेला. इथे गुलाब छाटायचा मार्चअखेरीस, कडाका सरल्यावर, आणि ऑगस्ट संपला की खत बंद. तेव्हा तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. छाटणीत माझी चूक नव्हती, वेळेत होती, हे आज सांगते. तिसरं झाड अजून आहे. मे महिन्यात त्याचा फोटो पाठवला होता तोच हा.

दंव पडायच्या रात्री ओळखता येतात. निरभ्र आकाश आणि वारा बंद, की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. थर्मामीटर दोन अंश दाखवत असला तरी गवताला शून्याखालचा गारवा लागलेला असतो. गार हवा जड, ती पाण्यासारखी सखल भागात साचते. आमच्या परसात कुंपणाचा कोपरा खोलगट आहे, तिथलं रोप नेहमी आधी जातं. अशा रात्री मी पालकावर जुन्या चादरी घालते. रोपाला ऊब जमिनीतूनच मिळते, चादर तीच अडवून धरते, म्हणून ती जमिनीपर्यंत पोचली पाहिजे. प्लॅस्टिक थेट पानावर टेकवलं तर टेकलेलं पान जळतं. सकाळी चादरी काढायच्या.

हे करताना मला मामांची निफाडची बाग आठवते. आई, आठवतं? मी सातवीत असेन. पहाटे तीनला सगळे उठले, बांधाबांधाला शेकोट्या पेटवल्या, मोटर सुरू करून बागेला पाणी सोडलं. थंडीत पाणी कशाला देतात, असं मी विचारलं तर मामा म्हणाले, विहिरीचं पाणी कोमट असतं, हात घालून बघ. खरंच कोमट होतं. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते आणि रात्री सोडत राहते, हे मी पुढे वाचलं. मामा ते हाताने ओळखत होते.

इथेही जमीन गोठायच्या आधी मी एक भरपूर पाणी देते, विशेषतः सदाहरित झाडांना. हिवाळ्यात ऊन आणि वारा त्यांच्या पानांतलं पाणी नेत राहतात आणि गोठलेल्या जमिनीतून वर काही येत नाही. समोरच्या घरापाशी ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं आहेत. पारा उतरला की त्यांची पानं खाली लोंबतात आणि विड्यासारखी गुंडाळतात. जितकी थंडी जास्त तितकी गुंडाळी घट्ट. कडाक्याच्या दिवशी पेन्सिलीएवढी बारीक. मी खिडकीतून त्या पानांकडे बघून नातीला किती कपडे घालायचे ते ठरवते.

आणि काहींना ही थंडी हवीच असते. लसूण ऑक्टोबरात लावलाय, वर पेंढ्याचं आच्छादन, आपण पाचट घालतो तसं. त्याला गारठा मिळाला नाही तर गड्डा भरतो पण पाकळ्या सुट्या होत नाहीत. काढणी जुलैत.

आता मुख्य गोष्ट. इथे अंजीर आहे! शेजारच्या इटालियन आजोबांच्या परसात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इटलीतून जी माणसं न्यू जर्सीत आली त्यांनी अंजिराच्या काड्या बरोबर आणल्या, आणि या हवेत न बसणारं ते झाड अजून जगवत आलेत. उणे दहा-बाराच्या खाली फांद्या मरतात, मुळं राहतात. मुळातून पुन्हा फुटतं, पण मग फळ पिकायला उन्हाळा पुरत नाही. म्हणून ते झाडाला गुंडाळतात. फांद्या दोरीने आवळून एकत्र बांधायच्या, वर गोणपाट, आत सुका पाला ठासायचा, वर ताडपत्री, आणि शेंड्यावर पालथी बादली, पाणी आत जाऊ नये म्हणून. सगळ्या हिवाळाभर ते झाड डोक्यावर बादली घेतलेल्या बाईसारखं उभं असतं.

मी ऑक्टोबरात त्यांना म्हटलं, चला, मदत करते, थंडी आली. तर हात हलवून नाही म्हणाले. पानं सगळी गळू देत, दोन-चार दंवं त्याला लागू देत, मग. आधी गुंडाळलं तर ते झोपत नाही आणि कोवळंच राहतं. मला तुमचाच आवाज ऐकू आला. "ताण बसू दे."

आजच्या दंवाने त्याची उरलेली पानं गेली. रविवारी गुंडाळायचं ठरलंय. ते ८४ वर्षांचे आहेत, यंदा हात कापतात, शिडीवर त्यांना चढू देणार नाही, मी चढेन. बाबा, तुम्ही बाग वाट्याने दिलीत हे मला आवडलं होतं, पण तुम्हाला ते जड गेलंय हे आईने सांगितलं. रोज पहाटे बांधावर जाऊन बसता म्हणे. जा, पण उजाडल्यावर जा, आणि मफलर गुंडाळून. आई, तूही पहाटेचा गार पाण्याचा सडा आता बंद कर. तुझी बोटं दुखतात हे तू लपवतेस.

आजोबा गुंडाळायच्या आधी मला पाच काड्या छाटून देणार आहेत, आपल्या परसात लावायला. तुम्हाला विचारल्याशिवाय मी कापू देणार नाही. काडी किती जाड घेऊ? डोळे किती ठेवू, चार की पाच? किती डोळे मातीत, किती वर? खालचा काप सरळ की तिरका? हिवाळाभर तळघरात ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या तर टिकतील का?

फोनवर सांगू नका. लिहून पाठवा, काडीचं चित्र काढून. कागदाचा फोटो नातू पाठवेल. मी रविवारपर्यंत वाट बघते.

तुमची,
लेक