वोलास्त्राचा गडगा

ला स्पेत्सिया बंदर, जहाजावरून
१८ सप्टेंबर

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

आधी कामाचं लिहिते. परसातल्या ढासळलेल्या गडग्याच्या जागी सिमेंटची भिंत घालायचं ठरलं असेल, तर थांबवा. गणपतीत मीच दादाच्या बाजूने तुमच्याशी वाद घातला होता, "दरवर्षी दगड रचायचे आणि दरवर्षी पडायचे, काय उपयोग?" म्हणून. मी चुकले, बाबा.

आज सकाळी जहाज इटलीतल्या ला स्पेत्सियाला लागलं. इथून आगगाडीने आठ-दहा मिनिटांत चिंक्वे तेर्रेची गावं सुरू होतात. समुद्रात उतरणाऱ्या उभ्या कड्यांवर पाच गावं आहेत: रिओमाज्जोरे, मानारोला, कोर्नील्या, व्हेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो. १८७४ साली रेल्वे झाली, तोवर होडीने किंवा खेचरांच्या पाऊलवाटेनेच जावं लागे. गाडी बहुतेक बोगद्यांतूनच जाते. मध्येच बोगदा संपतो, डोळे दिपतात, खाली निळं पाणी दिसतं आणि पुन्हा अंधार. रत्नागिरीच्या गाडीत लहानपणी मी खिडकी सोडायचे नाही, तशीच आज बसले होते.

पहिल्यांदा व्हेर्नात्साला उतरलो. गाव सुंदर आहे, पण आमच्यासारखे जहाजावरचे हजारो लोक एकाच वेळी त्या एका गल्लीत शिरले होते. लोक दाराच्या पायरीवर उभे राहून फोटो काढत होते, आणि त्याच दारातून एक म्हातारी बाजाराची पिशवी घेऊन आत जायची वाट बघत होती. मला फार वाईट वाटलं. आम्ही बाजूला झालो, ती मान हलवून आत गेली.

तिथल्या एका दुकानात भिंतीवर फोटो लावलेत. २५ ऑक्टोबर २०११ ला काही तासांत एवढा पाऊस कोसळला की डोंगराचा चिखल आणि दगड ह्याच गल्लीतून खाली आले. दुकानं छतापर्यंत गाडली गेली, मोटारी समुद्रात गेल्या, माणसंही गेली. मला २२ जुलै २०२१ चं चिपळूण आठवलं. मावशीच्या घरात आपण पंधरा दिवस गाळ काढत होतो ना?

पाऊस तसा पडल्यावर कोण काय करणार. पण त्या डोंगरात एक गोष्ट बघण्यासारखी आहे, ती मला दुपारी दिसली. मानारोलाहून छोट्या बसने वर वोलास्त्रा नावाच्या वाडीत गेलो. गर्दी खालीच राहिली. वर सगळ्या उतारावर आपल्या कुणग्यांसारखे टप्पे आहेत, द्राक्षांचे आणि ऑलिव्हचे, आणि प्रत्येक टप्प्याला गडगा. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. हजारेक वर्षं पिढ्यान्‌पिढ्या रचत आलेत. ह्याच कामासाठी १९९७ मध्ये हा सगळा किनारा युनेस्कोच्या जागतिक वारशात घेतला.

वाटेत एक सत्तरीचे आजोबा पडलेला गडगा उभा करत होते. मला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी मी अर्धा तास तिथे बसले. मोठा दगड खाली, तोंड बाहेर, शेपूट डोंगरात. मागे बारीक खडीचा भराव. सगळी भिंत किंचित डोंगराकडे कललेली. दगड बसला की हातोडीने ठोकून कान द्यायचे. आवाज पोकळ आला तर काढून पुन्हा फिरवून बसवायचा. अगदी तुम्ही करता तसं! मी हातानेच विचारलं, सिमेंट? त्यांनी मान जोरात हलवली, बाटलीतलं पाणी भरावावर ओतलं आणि दगडांच्या फटींतून ते झिरपताना दाखवलं. मग दोन्ही हात फुगवून "बूम" म्हणाले.

तुम्ही गणपतीत हेच म्हणाला होतात. "पाण्याला वाट ठेवली नाही तर ते स्वतः करून घेतं." मी तेव्हा ऐकूनच घेतलं नाही. दादा म्हणेल, भिंतीत पाइप टाकू. पण ते मातीने बुजले की मागे पाणी साठणारच, आणि आपलं स्वयंपाकघर त्या उताराच्या बरोबर खाली आहे.

त्या आजोबांच्या पलीकडचे टप्पे मात्र ओसाड होते. तरुण मुलं शहरात गेली, कुणी हॉटेलात लागली. गडगे फुगले, पडले, वर झुडपं माजली. अशा सोडून दिलेल्या उतारांवरच दरडी जास्त येतात. हे बघताना माझ्या पोटात कालवलं. आपल्या वाडीतल्या बंद घरांमागचे गडगे कुणी बघितलेत का एवढ्यात?

आईला सांगा, इथे मांदेलीच्या भाऊबंदांतले मासे मिठात मुरवून खातात, मोंतेरोस्सोचे त्यासाठी नावाजलेले आहेत. आणि पेस्तो नावाची हिरवी चटणी चाखली. ज्या पानांची ती करतात ते झाड म्हणजे आपल्या सब्ज्याचंच. लसूण, चीज, ऑलिव्हचं तेल घालून दगडी खलात वाटतात. तिला नक्की आवडेल, चीजचा वास सोडून. इथली द्राक्षंही आपल्या साठांसारखी आठवडेच्या आठवडे वाळवतात आणि त्यांची गोड वाइन करतात.

आता जहाज सुटेल, उद्या रोमचं बंदर. मी एप्रिलच्या शेवटी तीन आठवड्यांची रजा टाकते आहे. भिंतीसाठी पाठवलेले पैसे गड्यांच्या मजुरीला ठेवा, आणि पडलेले दगड कुणाला नेऊ देऊ नका. खालचा थर तुम्ही लावा, मी भराव घालीन. दादालाही चार दिवस बोलवा.

गुडघ्याला तेल लावता ना रोज?

तुमची,
बेबी